भुशाचं दुखणं

ज्यांच्या घरात रंधा चालतो त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांच्या घरात चालत नाही त्यांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांना माझा राग येईल. यावा. मी या दुखण्यातून उठलो, आणि त्यासाठी फार मोठं काही केलं असं नाही. ज्या धुळीनं मला आडवं पाडलं, ती धूळ मी नळीतून आणि पिशवीतून घराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडली. त्या टोकाला कोण बसलेलं असतं हे मला माहीत होतं. त्याचा विचार केला नाही, एवढंच.

दार लावून

मी बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वर गावच्या मराठी शाळेत गणित शिकवायचो. चाळीस पोरांपैकी पाच जणांना भागाकार यायचा आणि त्या पाचांना तो मी शिकवण्याआधीच यायचा. शाळेत माझं ऐकणारं कुणी नव्हतं. घरी लाकूड ऐकायचं. काटकोनात कापलं तर काटकोनात राहायचं, चारही पाय सारखे केले की चौरंग डुगडुगायचा नाही. पाळणे, चौरंग, पोळपाट, देव्हारे असं काहीबाही मी करायचो आणि देऊन टाकायचो. 'मास्तरांच्या हातात कला आहे' असं कुणी म्हणालं की मला आठवडाभर पुरायचं.

वस्तू द्यायला लाज वाटत नव्हती, ती करताना दिसायची लाज वाटायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी माणिकप्पा सुतार लिंबाखाली बसून काम करायचा. उघड्यावर, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. त्याचा भुसा वारा घेऊन जायचा. सत्तरीतही तो दिवसभर करवत ओढायचा आणि मी त्याला कधी खोकताना ऐकलं नाही. मी मास्तर. मी कसा उघड्यावर बसणार? म्हणून घराची पुढची खोली घेतली, गल्लीकडची खिडकी लावली, दाराला आतून कडी घातली आणि जुन्या मोटारीवर पट्टा चढवून चक्री करवत बसवली.

त्या काळी जुनी घरं पाडली की शिसवाची तुळई सहज मिळायची. शिसवाचा भुसा जांभळट असतो आणि त्याला गोडसर वास येतो. पॉलिश पेपर मारायला लागलो की त्याची इतकी बारीक धूळ व्हायची की खाली बसायचीच नाही. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल जांभळा व्हायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. रंगारी रंगात माखतो तसं काहीतरी आपलं चाललंय असं वाटायचं. मूर्खपणाला तेव्हा मी छंद म्हणत होतो.

माझी बायको अनसूया, बीदरजवळच्या कमठाण्याची. ती दाराबाहेरून म्हणायची, "दार तरी उघडा की. आत कोंडून घेऊन काय करायलाव?"

"लोक बघतील," मी म्हणायचो.

"बघू द्या की. चोरी करायलाव का?"

तिचं बरोबर होतं. ते पुढंही बऱ्याच वेळा बरोबर निघालं आणि मला दर वेळी उशिरा कळलं.

मरा

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. दिवाळीनंतर खोकला लागला तो संक्रांत झाली तरी जाईना. फळ्यावर एक ओळ लिहिली की खडू खाली ठेवून टेबल धरावं लागे. वजन उतरलं, शर्टाची कॉलर मोठी झाली. शेवटी अनसूयेनं आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मला हुमनाबादला बसमध्ये बसवून गुलबर्ग्याला एका दवाखान्यात नेलं. अक्का विधवा होऊन आमच्याकडं आली होती आणि घर तिच्या शब्दावर चालायचं.

डॉक्टर तरुण होता, म्हैसूरकडचा. त्याला मराठी येत नव्हती, आमची कानडी त्याला अर्धी कळायची. मी मात्र नोकरी टिकवण्यासाठी कानडीची परीक्षा पास झालेला माणूस. दुभाष्या घेतो का म्हणून नर्सनं विचारलं तर मी नाक वर करून नको म्हणालो.

त्यानं छाती वाजवली, फोटो काढून आणायला लावला, तो उजेडात धरून बघितला. मग विचारलं, काम काय करता. मी म्हणालो, मास्तर. घरी शेती आहे का, ज्वारी-तुरीची धूळ उडते का. मी म्हणालो, थोडी उडते, सगळ्यांच्या घरी उडते तेवढी. मग त्यानं विचारलं, "मरद केलसा एनादरू माडतीरा?"

इथं मला थांबून सांगायला हवं. म्हैसूरकडच्या कानडीत मर म्हणजे झाड, लाकूड. तो विचारत होता, लाकडाचं काही काम करता का. आमच्या भागातल्या कानडीत झाडाला गिडा म्हणतात, लाकडाला कट्टिगी, आणि मरा म्हणजे सूप. धान्य पाखडायचं सूप. नुकताच ज्वारीचा विषय झाला होता. मी ऐकलं, सुपाचं काम करता का, म्हणजे पाखडता का.

परीक्षेच्या पुस्तकात मर म्हणजे झाड हे चित्रासकट होतं. मी ते पाठ केलं होतं. पण दवाखान्यात बसलेल्या माणसाचे कान घरचे असतात. शिवाय मला, एका मास्तराला, हा कालचा पोरगा बायकांचं काम करता का म्हणून विचारतोय, याचा राग आला. मी ताठ बसून म्हणालो, "नम्म मन्याग अदु हेंगसर माडताररी." आमच्या घरी ते बायका करतात.

त्यानं माझ्याकडं जरा चमकून पाहिलं. मग अनसूयेकडं पाहिलं. तिला कानडी कळायची, पण तीही सूपच समजली आणि तिनं मान हलवली. बाहेर रांग लागलेली होती. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं गेला. छातीत डाग आहे, क्षय धरून चालू, असं म्हणाला. रोज एक सुई आणि मूठभर गोळ्या.

दालनाबाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "डाक्टर सुपाचं कामून विचारला?"

मी म्हणालो, "धूळ. पाखडण्याची धूळ माझ्या छातीत गेली असणार."

मी हे अगदी विचार करून, शहाण्यासारखं म्हणालो. अक्कानं अनसूयेकडं बघितलं. त्या क्षणापासून माझ्या दुखण्याचा दोष द्यायला घरात एक माणूस मिळालं.

परकी कपबशी

क्षय म्हटल्यावर घरात काय होतं ते ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. माझा तांब्या वेगळा, ताट वेगळं, कपबशी वेगळी. कपबशीला ओळखू यावी म्हणून अक्कानं कानाला लाल दोरा बांधला. मुलं दोघं उदगीरला बोर्डिंगात होती, त्यांना सुट्टीतही घरी येऊ नका असं कळवलं. आणि माझी खाट कुठं टाकायची यावर विचार झाला. घरात एकच खोली अशी होती की जिला दार होतं, जी बाकीच्यांपासून तुटलेली होती.

मला भुशाच्या खोलीत झोपवलं.

सांगताना आज हसू येतं, तेही वाईट येतं. खाटेखाली भुसा, कोनाड्यात भुसा, पांघरूण झटकलं की जांभळा धूर. करवत चालवायची ताकद नव्हती, पण पडून पडून काय करणार? शिसवाचे लहान तुकडे मांडीवर घेऊन मी तासन्‌तास पॉलिश पेपर घासत बसायचो. दार बंद, कारण क्षय बाहेर जाऊ नये. खिडकी बंद, कारण वारं लागू नये.

तिकडं अनसूयेचं सूप घरातून बाहेर पडलं. अंगणात पाखडायचं नाही, परसात नाही. विहिरीपलीकडं, गायरानाच्या कडेला, एक झाड नाही तिथं तिनं उन्हात बसून आठवड्याची ज्वारी पाखडायची. पहिल्या दिवशी ती दाराशी येऊन उभी राहिली.

"मला तिकडं उनात कामून धाडायलाव? म्या काय इख घातलं व्हय तुमाला?"

आतून अक्काचा आवाज आला, "सूप आपटून आपटून माझ्या भावाच्या छातीत कोंडा भरला हिनं, आन्‌ वर तोंड करून बोलायलीय."

मी खोकला आला असं दाखवलं. खोटा खोकला काढायला गेलो आणि खरा आला, तो अर्धा तास थांबला नाही.

वॉर्ड

त्या वर्षात मी तीनदा वॉर्डात भरती झालो. सकाळी सहाला थर्मामीटर, मग झाकणाची डबी घेऊन थुंकायचं, दहाला डॉक्टरांची फेरी, दुपारी सुई. एक नर्स मला 'अण्णा' म्हणायची आणि सुई टोचताना माझं लक्ष जावं म्हणून नऊचा पाढा विचारायची. मी सत्तावीसवर असताना ती टोचायची. चहावाली आया मला दोन चमचे साखर जास्त घालायची, कारण तिचा पोरगा गणितात नापास झाला होता आणि मी त्याला पास करीन अशी तिची समजूत होती. असल्या गोष्टींवर माणूस दिवस काढतो.

सुयांनी माझ्या डाव्या कानात एक रातकिडा बसवला. तो आजही ओरडतो. त्या सुयांची मला गरजच नव्हती हे पुढं कळलं, पण रातकिड्याला ते कुणी सांगितलं नाही.

नवल असं की वॉर्डात आठ-पंधरा दिवस राहिलो की माझा दम उतरायचा. जिना चढायचो. बरा झालो म्हणून घरी पाठवायचे. घरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा छातीत शिट्टी. तीनदा असं झालं. अक्कानं त्याचा अर्थ लावून टाकला होता.

"दवाखान्याचं पानी मानवतंय त्येला. हिच्या हातचं न्हाई मानवत."

आणि मी, भूमितीत सिद्धता लिहायला लावणारा माणूस, दोन्ही ठिकाणांत फरक काय याची यादी करायचं सोडून हे ऐकत होतो. एकदा तर मी अनसूयेला तोंडावर म्हणालो, "तू दिसलीस की मला धाप लागते." ती माझा लाल दोऱ्याचा कप विसळत होती. तिनं तो विसळून जागेवर ठेवला आणि निघून गेली.

हुसेनचाचा

तिसऱ्या वेळी शेजारच्या खाटेवर हुसेनचाचा होते, अफजलपूरकडच्या करजगीचे. जन्मभर कापूस पिंजला. त्यांची छाती माझ्यापेक्षा वाईट वाजायची. त्यांनी घरून स्वतः भरलेली उशी आणली होती, ती डॉक्टरांनी काढून घेतली. कापूस जवळ नको म्हणून. चाचा हातावर डोकं ठेवून झोपायचे आणि हसायचे, "सारी उमर लोगाँ के तकिये भरा, अब मेरेकूच तकिया मना."

ते मला चार दिवस नुसतं बघत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "मास्टर, तुमे घर कू जाते तो दम चढ़ता, हिंयाँ आते तो उतरता. घर में क्या उड़ता जी?"

मी म्हणालो, बायको पाखडते. पण आता तीही लांब बसते.

"वो नक्को. तुमारे कमरे में क्या उड़ता?"

मी खोलीचं सांगितलं. करवत, शिसव, पॉलिश पेपर. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. चाचा उठून बसले. "मेरेकू रुई खाई," ते म्हणाले. "तुमना लकड़ी खा री. इत्ते पढ़े-लिखे, और इत्ता नहीं समझे?"

फेरीच्या वेळी त्यांनीच डॉक्टरला हाक मारून सांगितलं की हा मास्तर घरात दार लावून लाकूड कापतो. डॉक्टरनं माझा कागद उलटून पहिलं पान काढलं आणि बोट ठेवलं. मी तुम्हाला विचारलं होतं, तो म्हणाला. मर. तुम्ही म्हणालात बायका करतात. मला वाटलं तुमच्याकडं बायका करत असतील, मी या भागात नवा होतो.

तो रागावला नाही, हसलाही नाही. थुंकी एकदाही बाधित निघाली नव्हती, तरी मीही सुया चालू ठेवल्या, असं तो म्हणाला, आणि त्याच दिवशी सुया बंद केल्या. लाकूड सोडा नाही तर धूळ सोडा, दोन्ही धरून जगता येणार नाही, असं सांगून गेला.

हुसेनचाचा त्याच आठवड्यात गेले. दुपारी, नऊच्या पाढ्याच्या वेळेला. त्यांचा मुलगा यायच्या आत खाट धुऊन दुसऱ्याला दिली होती. त्यांची उशी नर्सच्या कपाटात होती, ती आयानं मला देऊ केली. मी घेतली नाही. ज्यानं मला वाचवलं त्याच्या उशीला मी हात लावायला घाबरलो.

पिंप

घरी येऊन मी अनसूयेला सांगितलं की सुपानं काही झालं नव्हतं.

"व्हय का," ती म्हणाली. तेवढंच. मी चुकलो असं मी म्हणालो नाही. अक्का तर त्या दिवशी एकादशी असल्यानं बोललीच नाही. सूप मात्र परसात परत आलं.

लाकूड सोडायचं माझ्या मनात क्षणभरही आलं नाही. मी धूळ सोडायचं ठरवलं. नाकातोंडाला ओला पंचा बांधला आणि खिडकीत टेबल फॅन गल्लीकडं तोंड करून लावला. दुसऱ्याच दिवशी समोरच्यांच्या वाळत घातलेल्या धोतरावर जांभळी धूळ बसली. ते विचारायला आले, मास्तर, आत काय चालवलंय? म्हणजे आता सगळ्या गल्लीला कळणार. मी फॅन काढला.

मग पिठाच्या गिरणीत उभा असताना सुचलं. गिरणीच्या तोंडाला कापडाची लांब नळी असते, पीठ त्यातून डब्यात पडतं, वारा कापडातून निघून जातो. मी गुलबर्ग्याच्या जुन्या बाजारातून लोहाराच्या भट्टीचा विजेचा ब्लोअर आणला. पत्रेवाल्याकडून नळ्या वळवून घेतल्या. नळीचं एक तोंड करवतीच्या खाली, एक पॉलिशच्या फळीपाशी. दुसरं टोक कुठं काढायचं? गल्लीकडं नको. लोक बघतात. म्हणून भिंत फोडून परसाकडं काढलं. स्वयंपाकघराच्या दाराला लागून पत्र्याची पडवी होती, तिथं अनसूया भांडी घासायची, ज्वारी पाखडायची. तिथं मांजरपाटाची माणूसभर उंचीची पिशवी टांगली. पिशवी अनसूयेनं शिवली, दुहेरी शिवण घालून.

पहिल्या पावसाळ्यात पिशवी ढलप्यांनी भरून फुटायला लागली. तेव्हा मी सुधारणा केली. रस्त्याच्या कामावरचं डांबराचं रिकामं पिंप मधे बसवलं. झाकणाला दोन भोकं. एका भोकातून भुसा आत येऊन गरगर फिरायचा, जड माल पिंपात पडायचा, आणि फक्त बारीक धूळ वर जाऊन पिशवीत शिरायची. ज्यांना करायचंय त्यांनी करावं. पिंप रुंद घ्या, येणारी नळी आत तिरकी सोडा. मी त्या पिंपासमोर उभा राहून आवाज ऐकायचो आणि मला शाळेतल्या कुठल्याही तासापेक्षा समाधान व्हायचं.

खोली स्वच्छ झाली. फरशी दिसायला लागली. दोन महिन्यांत माझी शिट्टी थांबली, सहा महिन्यांत मी सायकलवरून शाळेला जायला लागलो. डॉक्टरनं छातीचा नवा फोटो बघून माझ्या पाठीवर थाप मारली. मुलं सुट्टीला घरी आली. मी लोकांना बोलावून यंत्र दाखवायला लागलो, तेव्हा लाज कुठं गेली होती कोण जाणे.

पिशवी दोन दिवसांनी रिकामी करावी लागे. डॉक्टरनं मला धुळीला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. म्हणून ते काम अनसूयेचं झालं. कुणी ठरवलं असं नाही. घरात असलं काम कुणाचं असतं ते ठरवावं लागत नाही.

ती पिशवीची दोरी सोडायची, पिशवी उलटी करून काठीनं झोडपायची. मग तो भुसा शेगडीत भरायची. भुशाची शेगडी ज्यांनी वापरली त्यांना माहीत आहे. मधे बाटली उभी धरून सभोवार भुसा ठासायचा, बाटली ओढून काढायची, खालून पेटवायचं. सरपण वाचायचं. कशाचाच नाश होत नाही हे मी पाहुण्यांना अभिमानानं सांगायचो.

एकदा ती पिशवीवर पाणी शिंपडून झटकत होती. मी ओरडलो, "ओला भुसा जळतो का? डोकं आहे का तुला?"

"उडायलाय लई," ती म्हणाली. "नाकात जायलाय."

"जरा तोंड तिकडं करून झटक," मी म्हणालो.

त्यानंतर तिनं पाणी मारलं नाही.

तिसरं वर्ष

तिला खोकला कधी लागला ते मला सांगता येत नाही. माझ्या खोकल्याचा दिवस, आठवडा, सगळं मला पाठ आहे. तिचा मला ऐकू यायच्या आधी किती दिवस येत होता कुणास ठाऊक. ती तो माझ्यासमोर काढत नसे. पाण्याची घागर आणताना वाटेत दोनदा टेकवते हे मला शेजारणीनं सांगितलं. मी म्हणालो, वय झालंय आता. तिची चाळिशी नुकतीच उलटली होती.

उन्हाळ्यात एकदा ती उंबऱ्यावर बसून राहिली. उठायचं म्हणून हात टेकला आणि उठेना. ओठ निळसर झाले होते. अक्का धावत आली, तिला धरून बसली आणि मला म्हणाली, "बघत काय उभारलास? गुलबर्ग्याची बस बघ." अक्काच्या तोंडून तिच्यासाठी निघालेली ती पहिली कळकळ मी ऐकली.

गुलबर्ग्याला तोच दवाखाना, डॉक्टर आता नवा, वयस्क. त्यानं तिची छाती बराच वेळ ऐकली. फोटो बघितला. माझ्या फोटोपेक्षा त्यात पांढरे डाग जास्त होते, एवढं मलाही कळलं. त्यानं सगळं नीट मराठीत विचारलं. मी पिंपाचं, पिशवीचं सांगायला लागलो. त्यानं मला थांबवलं आणि तिला विचारलं, "पिशवी रिकामी कोण करतं, बाई?"

"मीच," ती म्हणाली. "ह्यांना धूळ बरी न्हाई."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. बारीक धूळ पिंपात राहत नाही, असं तो म्हणाला, सगळ्यात वाईट तीच वर पिशवीत जाते, कापडातूनही गळत राहते. तुम्ही ढलप्या पिंपात ठेवल्या आणि विष निवडून हिच्या हातात दिलंत. छाती बरीच गेली आहे. आता राहिलेली सांभाळायची. हिनं यापुढं त्या भुशाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. हे सगळं लिहिलं ते तेवढ्यासाठीच. बाई वाचेल का, किती दिवस वाचेल, असं नाही आलं. माझं चुकलं, असंही नाही आलं. पहिल्यांदा आलं ते असं की, मग आता पिशवी कोण झटकणार?

ती माझ्याकडंच बघत होती. सतरा वर्षं माझं तोंड वाचलेली बाई. तिनं पदर सावरला आणि आधारासाठी टेबल धरून स्वतः उठली.

घरी आलो तेव्हा दिवस अजून वर होता. ती परसातल्या उंबऱ्यावर जाऊन टेकली, कारण आत जाईपर्यंत दम पुरला नाही. पिशवी भरून टम्म झाली होती. मी तोंडाला पंचा बांधला, दोन तांबे पाणी पिशवीवर ओतलं, दोरी सोडली आणि पिशवी उकिरड्याच्या खड्ड्यात उलटी केली. आंघोळीला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. ती बसून बघत होती.

मला एकदाही खोकला आला नाही.